विद्यापीठ बघायचा कार्यक्रम

दुष्काळात जनावरांच्या छावण्या लागल्या त्या वर्षी मी बारावी झाले आणि पंधरा दिवसांत घरात प्रवेशाचे तीन कागद आले. एक पुण्याच्या नामांकित कॉलेजचा, एक घरापासून तीन तासांवरच्या मराठवाड्यातल्याच कृषी विद्यापीठाचा आणि एक थेट गुजरातचा.

अप्पांचं मत कागद उघडायच्या आधीच ठरलं होतं. पुणे. तरुणपणी ते पोलीस भरतीसाठी पुण्याला गेलते. भरतीत काही जमलं नाही, पण परतताना त्या कॉलेजच्या फाटकासमोर उभं राहून त्यांनी एक कटिंग चहा घेतला होता. तेवढ्या ओळखीवर ते वीस वर्षं त्या कॉलेजबद्दल घरच्यासारखं बोलत. "तिथून निगालेलं लेकरू कुटंबी उभं ऱ्हातंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माय चौथी शिकलेली. गावातल्या बायकांची दूध संस्था ती चालवायची, आणि नववीपासून संध्याकाळी दूध तपासायचं काम माझ्याकडं होतं. तिनं तिन्ही कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "पोरीला नवरा बगाया धा गावं हिंडतो आपण. मंग चार वरसं जितं ऱ्हायचं, ते न बगता कावून ठरवायचं?"

अप्पा हसले. मायनं दुसऱ्या दिवशी संस्था जावेच्या हवाली केली आणि आम्ही दोघी गेवराईहून पुण्याच्या गाडीत बसलो.

पुण्यात तिनं ऑफिसकडं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मुलींचं होस्टेल गाठलं आणि पहिल्या न्हाणीघरातला नळ सोडला. पाणी असं जोरात आलं की ती बघतच राहिली. शेवटी मीच नळ बंद केला. मग तिनं जिन्यावर बसलेल्या मुलींना गाठलं. "जेवाया पोटभर मिळतं का गं?"

"मिळतं काकू, पण मेस महाग आहे. आम्ही एक वेळ जेवतो, एक वेळ बिस्किटं."

मायनं पिशवीतली दोन धपाटी त्यांच्या हातावर ठेवली.

ऑफिसातले साहेब सभ्य होते. शिष्यवृत्ती आहे म्हणाले, पण फी आधी भरायची. मंजुरी आली की पैसे खात्यात परत.

"कवा येती मंजुरी?"

"तसं सांगता येत नाही, ताई."

बाहेर आल्यावर माय म्हणाली, "कालेज झ्याक हाय. पण ह्यांचं आपल्या दुष्काळी अनुदानावानी हाय. यादी लागंल तवा खरं."

मी मान हलवली. पण एक गोष्ट तिला सांगितली नाही. फाटकातून एक मुलगी स्कूटीवरून आत गेली होती, केस मोकळे, गळ्यात ओळखपत्र. मला ती व्हायचं होतं. अगदी तिथल्या तिथं.

जवळच्या विद्यापीठात सगळं उलट झालं. शिपाई आमच्याच जिल्ह्यातल्या नांदूरघाटचा निघाला आणि पाच मिनिटांत त्यानं मायशी नातं जुळवून चहा मागवला. फी किरकोळ होती. फक्त होस्टेलचा नळ सोडला तर हवा आली. मागच्या अंगाला टँकर उभा होता आणि मुली बादल्या घेऊन रांगेत.

"ह्ये तर घरीबी हाय," माय म्हणाली.

तिथल्या एका सरांनी मात्र खरं ते सांगितलं. माझ्या डोक्यात दूध तंत्रज्ञान आहे हे कळल्यावर म्हणाले, "मग गुजरातलाच जा. तिथं दूध उत्पादकांच्या मुलांना शिष्यवृत्ती असते, फी आणि जेवण दोन्ही सुटतं. पण त्यासाठी मुलाखत आहे. शिष्यवृत्ती मिळाली तरच जा, नाहीतर आम्ही आहोतच."

मुलाखतीला तालुक्याच्या दूध संघाचा दाखला लागत होता. संघाचे चेअरमन म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. त्यांनी कागद वाचला आणि खाली ठेवला. "गुजरात? अन् ह्या कॉलेजचं नाव कुणी ऐकलंय इथं? पुण्याचं नाव घेतलं की पाव्हण्यारावळ्यांत वजन पडतं, वहिनी."

"वजनाचं मागनं बगू, चेरमन," माय म्हणाली. "आदी सही करा. म्हशी धारंला थांबल्यात."

त्यांनी हसत सही केली.

मुलाखतीला आम्ही दोघी गुजरातला गेलो. समोर तीन माणसं होती, दोन सर आणि एक वयस्क मॅडम. माझी हिंदी आपल्याकडची, "हमारे को" आणि "नक्को" वाली. पहिली दोन उत्तरं मी अर्धवटच सोडली. मग एका सरांनी विचारलं, गावात दुधावरून कधी भांडण झालंय का?

हे मला सांगता येण्यासारखं होतं. त्याच उन्हाळ्यात आमच्या संस्थेच्या दुधाची डिग्री कमी लागली, म्हणजे दूध पातळ भरलं. संघानं कॅन परत पाठवले आणि वर शेरा मारला, पाणी घातलंय. बायका चिडल्या, एकमेकींवर संशय घ्यायला लागल्या.

"घातलं होतं का पाणी?" सरांनी विचारलं.

"सर, आमच्याकडं टँकर तीन दिवसांनी येतो. पाणी दुधापेक्षा मोलाचं होतं. एखादीनं पाण्यात दूध घातलं असतं, दुधात पाणी कुणीच घातलं नसतं."

दोघे सर खळखळून हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग डिग्री कमी का लागली?"

मी सांगितलं. जनावरं छावणीत होती आणि तिथं नुसता ऊस मिळत होता. संघाच्या माणसासमोर आमच्या म्हशीची धार सरळ तपासणीच्या भांड्यात काढली, तरी डिग्री कमीच. मग मामाकडून सरकीची पेंड आणि थोडा कडबा आणून त्याच म्हशीला बारा दिवस घातला. डिग्री वर आली. शेरा मागं घ्यावा लागला.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कुणी नाही. मायच्या लक्षात आलं. ती बाहेर बसलीय."

त्यांनी तिला आत बोलावलं! माय पदर सारखा करत आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. पुढची वीस मिनिटं त्या मॅडम हिंदीत विचारत होत्या, माय मराठीत सांगत होती, आणि त्या दोघींना माझी गरज पडली नाही. शेवटी मायनंच उलट विचारलं, "पोरीला मार्क कमी पडलं तर पैसं बंद करता का?"

मॅडमनी सांगितलं, दर सत्राला प्रथम श्रेणी हवी, नाहीतर बंद.

"मंग ठीक. आदी सांगितलं, ह्ये बरं केलं."

आठवड्यानं शिष्यवृत्तीचं पत्र आलं. मायनं ते माझ्यासमोर ठेवलं. "आता तू सांग. मी नुसतं बगून आलेय, नांदायचं तुला हाय."

मी गुजरात म्हणाले. स्कूटीवाली मुलगी एकदा डोळ्यांसमोरून गेली, तरी म्हणाले.

अप्पा दोन दिवस रानातच होते. तिसऱ्या दिवशी गोठ्यात मला म्हणाले, "पुणं झेपवलं असतं म्या."

"कसं, अप्पा?"

त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि चारा पुढं सारला. विहिरीजवळचं दोन एकर विकायचं त्यांच्या मनात होतं हे मला माहीत होतं, आणि मी ते ओळखलंय हे त्यांनाही. त्यानंतर अप्पांनी पुण्याचं नाव काढलं नाही.

पहिलं सत्र जड गेलं. वरणात साखर, वर्गात इंग्रजी, आणि रसायनशास्त्रात मी गटांगळ्या खात होते. प्रथम श्रेणी मिळाली ती एका मार्कानं. निकाल फोनवर सांगितला तर माय म्हणाली, "येक तर येक. जास्तीचं काय दुकानात इकायचंय?" दुसऱ्या सत्रापासून मात्र पाय टेकले.

पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आले तर ओट्यावर दोन बायका आपापल्या मुलींना घेऊन बसलेल्या. हातात प्रवेशाचे कागद. माय त्यांच्यासोबत विद्यापीठं बघायला निघाली होती. अट एकच, एसटीचं तिकीट त्यांनी काढायचं. चार दिवसांनी ती परतली. एकीला तिनं जवळच्या विद्यापीठात घातलं, कारण तिथला टँकर जाऊन नळाला पाणी आलं होतं आणि पोरीला शेतीच शिकायची होती. दुसरीला पुण्याला.

"पुण्याला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तिचा बाप मास्तर हाय," माय चप्पल काढत म्हणाली. "पगार चालू हाय. तिला कावून आडवायचं?"