आत्या आणि बिनमोटारीचं बेट

माझ्या आत्याइतकं सरळ बोलणारं आणि गोल पोहणारं माणूस सगळ्या ठाणे जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. सरळ बोलण्याबद्दल आमच्या नातेवाइकांना विचारावं. तिच्या तोंडच्या तडाख्यातून सुटलेला एकही जण आमच्या घराण्यात नाही. गोल पोहण्याबद्दल मात्र मलाच सांगितलं पाहिजे. तो गोल मोडायच्या कामी माझा थोडा उपयोग झाला, आणि मी कुणाच्या उपयोगी पडल्याची ती पहिलीच वेळ होती.

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि मी मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकून परत आले होते. त्या शाळेत मला उत्तम इंग्रजी आणि आवाज खाली ठेवणं, या दोनच गोष्टी नीट शिकवल्या. आत्या बदलापूरला दोन खोल्यांत एकटी राही. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कल्याण कॅम्पातले लष्करी ट्रक तिच्या दारावरून जात आणि वाळत घातलेल्या पापडांवर धूळ बसे. लढाई संपली, ट्रक गेले, कॅम्पाचं उल्हासनगर झालं, तरी आत्याने मोटार या वस्तूला क्षमा केली नाही. बाबांना कारखान्याची जीप मिळाली तेव्हा ते कौतुकाने तिला न्यायला गेले. ती जीपमध्ये बसली नाहीच, उलट बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत जीपच्या पुढे भर रस्त्यातून चालत आली. मागे जीप बैलगाडीच्या चालीने, आत ड्रायव्हर आणि मान खाली घातलेले बाबा. घरी पोचल्यावर ती म्हणाली, "बाळू, तुझ्या गाडीला फार वेळ लागतो बाबा."

ती महिन्यातून एकदा उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात चालत जाई. तिथे बराकीच्या तोंडाशी एका सिंधी म्हाताऱ्याचं बिस्किटांचं दुकान होतं. तो रद्दीच्या कागदात बिस्किटं बांधून देई. एकदा त्या कागदाबरोबर एक बेट घरी आलं. विलायती मासिकाचं चकचकीत पान होतं: निळा समुद्र, पांढरी घरं, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या. "वाच," म्हणून तिने ते माझ्यासमोर धरलं. मी वाचून दाखवलं. भूमध्य समुद्रातलं लहानसं बेट. लोक तिथे पोहायला, डोंगर चढायला आणि पाण्याखाली बुडी मारायला जातात. बेटावर एकही मोटार नाही.

"शेवटचं वाक्य पुन्हा वाच," आत्या म्हणाली.

मी वाचलं.

"मी जाणार," ती म्हणाली आणि उरलेलं बिस्किट चहात बुडवलं.

बेटाचं नाव तिला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, म्हणून आमच्या घरात ते 'बिनमोटारीचं बेट' झालं. बातमी नातेवाइकांत पसरली तशी जो तो तिला काशीला पाठवायला निघाला. एका काकांनी तर बरोबर येण्याची तयारी दाखवली. आत्या त्यांना म्हणाली, "काशीला माणसं शेवट करायला जातात. मला शेवट करायचा नाही, पोहायचंय." काका चहा अर्धा टाकून गेले. सिंधी म्हातारा तेवढा तिच्या बाजूने होता. त्याची कराची सुटली होती, कराचीबरोबर समुद्रही. "जाओ माई," तो म्हणाला, "हम में से किसी को तो दरिया देखना चाहिए." तो तिला 'हम में' धरतो हे आत्याला फार आवडलं. त्या दिवशी तिने बिस्किटं दुप्पट घेतली.

मग तयारी सुरू झाली. डोंगर चढण्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. मलंगगडावर ती नऊवारीत, साध्या वहाणांनी, कडेवर डबा घेऊन चढे आणि वाटेत दम खायला बसलेल्या तरण्या मुलांना "बरं नाही का रे?" असं मनापासून विचारी. बुडी मारण्याची कलाही तिच्याकडे होती. कात्रपला आमचं थोडं शेत होतं, तिथली विहीर तिच्या माहेरची. आजूबाजूच्या बायकांच्या कळश्या, बादल्या विहिरीत पडल्या की लोक गळ शोधत, आत्या म्हणे, "गळ कशाला, मी आहे." काष्टा खोचून ती काठावरून सूर मारी आणि कळशी घेऊन वर येई. एकदा पितळी तपेली काढायला गेली आणि दोन तपेल्या घेऊन आली. दुसरी चार वर्षांपूर्वी हरवली म्हणून एका सुनेने बोलणी खाल्ली होती. आत्याने ती तपेली तिच्या सासूच्या पुढ्यात नेऊन ठेवली आणि काही न बोलता परत आली. तिला न बोलताही सरळ बोलता येई.

मासिकाच्या पानावर बेटावरच्या एका घरमालकिणीचा पत्ता होता, ती खोल्या भाड्याने देई. तिला मी इंग्रजीत पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, त्यात बाईंजवळ पोहण्याचा पोशाख आहे का, अशी चौकशी होती. "लिही," आत्याने सांगितलं, "पोशाख आहे, नऊ वार आहे." मी तसंच लिहिलं. तिने आनंदाने खोली दिली. बहुधा तिला आत्या कापडाची दुकानदारीण वाटली असावी. बोटीच्या भाड्यासाठी आत्याने पाटल्या मोडल्या. आता फक्त पासपोर्ट हवा होता आणि त्याच्या अर्जावर जामीन म्हणून एका जबाबदार माणसाची सही. आत्याच्या ओळखीत जबाबदार माणूस एकच, माझे बाबा. बाबा सही करीनात.

बाबा दुष्ट नव्हते. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीला कारण होतं. आजोबांनी आत्याला सहाव्या वर्षी पाठीला सुका भोपळा बांधून कात्रपच्या विहिरीत ढकललं होतं. मी सोडून आमच्याकडे सगळे असेच शिकले. विहीर गोल. उजव्या हाताला भिंत ठेवून पोहायचं, डोळे मिटून, कारण शेवाळाचं पाणी डोळ्यांत झोंबतं. बाकीची मुलं पुढे नदीवर जाऊन सरळ पोहायला शिकली. आत्याचं बाराव्या वर्षी लग्न झालं. तिचं पोहणं विहिरीतच राहिलं. त्यामुळे नदीत सोडली तरी ती डावीकडे वळत वळत सुटल्या जागी परत येई. कात्रपच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिला नदीत पाहिलं आणि मला विचारलं, "बाय, आत्या तुजी पवते का घानी फिरवते?"

"समुद्राला भिंत नसते, ताई," बाबा म्हणाले. "तू गोल गोल फिरत राहशील आणि दमून बुडशील. मग ती सही मी जन्मभर बघत बसू का?"

"मग काय करू म्हणजे तू सही करशील?"

बाबांनी विचार केला. "बदलापूरला उल्हास नदी ओलांडून दाखव. सरळ. पलीकडच्या काठाला हात लावलास की सही."

"अर्ज बरोबर आण," आत्या म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही नदीवर गेलो. थंडीचे दिवस, पाणी संथ; या काठावरचं बोलणं त्या काठाला ऐकू जाई. मला बाबांची काळी छत्री देऊन होडीने पलीकडे धाडलं होतं. आत्या छत्रीकडे बघून येणार, असं ठरलं होतं. अलीकडच्या काठावर बाबा जीपला टेकून उभे. आत्याने काष्टा घट्ट केला, नमस्कार केला आणि पाण्यात शिरली. शिरल्याबरोबर तिने डोळे मिटले. बेचाळीस वर्षांची सवय. छत्री वगैरे सगळं विसरली. नदीच्या मध्यापर्यंत झकास आली, मग हळूहळू डावीकडे वळू लागली. मी छत्री उंच धरली, हलवली, उघडमीट केली. ती सुबक अर्धवर्तुळ काढून गेली तशी परत गेली, काठाला हात लावला, आणि डोळे न उघडताच म्हणाली, "पोचले. आता बाळूला म्हणावं, कर सही."

"ताई," बाबा वरून म्हणाले, "मी इथेच आहे."

तिने डोळे उघडले. पलीकडून मला तिचा चेहरा दिसला नाही, पण पाठ दिसली. अशी वाकलेली पाठ मी तिची कधी पाहिली नव्हती. बाबांनी टॉवेल पुढे केला आणि म्हणाले, "झालं ना समाधान? चल घरी." त्यात विजय नव्हता, सुटका होती. मला ती जास्त टोचली. आत्याने टॉवेल घेतला नाही. "येणं झालं," ती म्हणाली, "जायचं राहिलंय." आणि बाबा काही बोलायच्या आत पुन्हा पाण्यात.

ती मध्यावर आली. डोळे मिटलेलेच. खांदा डावीकडे कलला. मला कळलं की छत्रीचा काही उपयोग नाही. मी हाक मारली, "आत्या, उजवीकडे." ती शाळेतल्या आवाजात होती, शेजारच्या बगळ्यानेही मान वळवली नाही. काठावर सातआठ बायका धुणं धूत होत्या. मी भर माणसांत कधी मोठ्याने बोलले नव्हते. माझ्या मराठीला लोक हसतात, असं मला वाटे आणि ते खरंही होतं. मी छत्री खाली टाकली, गुडघाभर पाण्यात गेले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला. आत्या, उजवीकडे. आणखी उजवीकडे. आता सरळ. बायकांनी धुणं थांबवलं. एकीने विचारलं, "ही कोनाची गं, एवढी बोंबलते?" मी थांबले नाही. आत्याची मान वळली, खांदा सरळ झाला. डोळे मिटून, माझ्या आवाजावर, ती समोर येत राहिली आणि तिच्या हाताला काठाच्या आधी माझा घोटा लागला. तो धरूनच ती उठली. धापा टाकत मला नीट बघून म्हणाली, "अगं, तुला आवाज आहे."

पलीकडे बाबांनी जीपच्या बॉनेटवर अर्ज ठेवला आणि सही केली. मोटारीचा काही उपयोग असतो, हे आत्याने त्या दिवसापुरतं मान्य केलं.

ती गेली. दीड महिन्याने एक कार्ड आलं. बाबांनी ते तीनदा वाचलं आणि "तिकिटावरचा शिक्का पुसट आहे" एवढंच म्हणाले. आत्याने लिहिलं होतं: "चि. बाळूस आशीर्वाद. इथे मोटार नाही, गाढवं आहेत, स्वभावाने चांगली. किनाऱ्यापासून जवळच समुद्रात एक खडक उभा आहे, आपल्या कात्रपच्या विहिरीएवढा गोल. त्याला मी रोज वळसा घालते. आजवर दगड उजव्या हाताला होता, मी आत होते. आता दगड डाव्या हाताला आहे, मी बाहेर आहे. परत किनाऱ्याला येताना तेवढं सरळ पोहावं लागतं. हाक मारायला इथे कुणी नाही. मग पोरीची हाक आठवते आणि येते."

ती परत आली त्याला आता काही वर्षं झाली. गुडघे दुखतात म्हणून ती पाण्यात उतरत नाही. गडही लांबूनच बघते. मोटारीत मात्र अजून बसलेली नाही, आणि तिला जे जे काशीला पाठवणार होते त्यांना बेटाचं कार्ड दाखवायचंही सोडत नाही. रविवारी आम्ही हळूहळू चालत कात्रपला जातो. ती विहिरीच्या काठावर पाय सोडून बसते. मी आजोबांचा सुका भोपळा पाठीला बांधून पाण्यात उतरते. माझं वय बघून बायका हसतात; हसू देत. उजव्या हाताने भिंत चाचपत मी पुढे सरकते, आणि आत्या वरून ओरडत राहते, "भिंत सोड. सरळ जा, सरळ."

या एवढ्याशा गोल विहिरीत सरळ जाऊन जायचं कुठे, असं मी तिला विचारत नाही. भिंत सोडते.