गाळलेली ओळ

विश्रांतवाडीच्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीने ‘सलाम’ म्हणायचे, रुमालाने बाक पुसायचे आणि बसायचे. आवाज खणखणीत. पण गाता गाता मध्येच एखादी ओळ ते गाळायचे, तोंड घट्ट मिटून. आयटीतल्या पोरांनी ड्रम आणले, गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवू लागले, तेव्हा मी शहाणपणा करून या गृहस्थांना पडद्याकडे बोट दाखवलं.

“अहो, दिसतंय मला. चष्मा नवा आहे,” ते म्हणाले. “पण देवापुढे खोटं बोलायचं, तेही चालीवर?”

एका रविवारी स्कूटर लावण्यावरून त्यांनी फाटकावरच्या वॉचमनला सगळ्यांदेखत झापलं. मग आत येऊन गाऊ लागले. ‘जशी तू केलीस दया, तशीच मी करीन’ ही ओळ आली आणि ते गप्प झाले. उठले आणि सरळ बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, ते वॉचमनपुढे हात जोडून उभे होते आणि तो बिचारा संकोचून त्यांचे हात खाली करत होता.

ते परतले तोवर गाणं संपलं होतं. पाळकसाहेबांनी उपदेशासाठी बायबल उघडलं होतं. हे बसलेच नाहीत. राहिलेली ती एक ओळ त्यांनी साथीशिवाय, उभ्याने, खड्या आवाजात म्हटली आणि रुमालाने बाक पुसून बसले.

पाळकसाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि बायबल मिटलं.

“उपदेश झाला,” ते म्हणाले.