वणेच्या पाण्यावर देवेंद्रबाबू

हिंगणघाटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात देवेंद्र गिरडकर हेडक्लार्क आहेत. दाखला पाहिजे, मार्कशीट हरवली, नावात काना चुकला, की पोरं त्यांच्याच टेबलाशी येतात. लहानपणी पोलिओ झाला आणि डाव्या पायातला जोर गेला, म्हणून काखेत कुबडी असते. पण खांदे असे भरदार, की नवा शिपाई पहिल्याच दिवशी विचारून बसला, "बाबू, तुमी आखाड्यात जात होते का?"

"आखाड्यात नाई रे," देवेंद्रबाबू हसले, "नदीत."

ती गोष्ट त्यांच्या नवव्या वर्षाची. उन्हाळ्यात गल्लीतली सगळी पोट्टी वणा नदीत डुंबायला जात, आणि देवेंद्र घाटाच्या पायरीवर बसून सगळ्यांचे कपडे राखत असे. घाटावरचे नावाडी हरिभाऊ तेव्हा पंचविशीतले. डोंग्यातून ते लोकांना पलीकडच्या शेतांवर पोचवत. चार दिवस त्यांनी हे पोरगं पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "काऊन रे, तू नाई उतरत पाण्यात?"

"मले चालता येत नाई धड."

"डोंग्यात कुठं चालावं लागते? ये, बस इथं."

त्या एका उन्हाळ्यात हरिभाऊंनी त्याला वल्हवायला शिकवलं. धार कुठून ओढते, खडक कुठं दडलेत, वळणावर वल्हं कसं अडवायचं, सगळं. जमिनीवर सगळ्यांच्या मागं राहणारं पोरगं पाण्यावर सगळ्यांच्या पुढं निघे. सुट्टी संपेपर्यंत कपडे राखायचं काम दुसऱ्याकडं गेलं होतं.

पुढं पूल झाला, तशी डोंग्याची गरज संपली. गाव वाढलं, गावाचं सांडपाणी नदीत उतरलं, आणि त्या सांडपाण्यावर जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, माजली. पाण्याचा थेंब दिसेना. एकदा कुणाची तरी शेळी हिरवळ समजून त्यावर चरायला गेली ती बुडालीच. हरिभाऊंनी डोंगा मोडून त्याच्या फळ्या विकल्या आणि जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागले. नदीकडं त्यांनी पाठ फिरवली ती फिरवलीच. देवेंद्रबाबू नोकरीला लागले, इलाशी लग्न झालं, मुलगी झाली. रोज पुलावरून जाताना मात्र त्यांची स्कूटर जरा हळू होई.

सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी घाटावर पाच बाया जलकुंभी उपसताना दिसल्या. त्यांच्या पुढं होत्या सुमतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. देवेंद्रबाबू स्कूटर उभी करून म्हणाले, "मॅडम, अर्जबिर्ज लिहायचे असतील तर माझ्याकडं द्या."

"ते तर देईनच," सुमतीबाई म्हणाल्या, "पण आधी हात पाहिजेत. तुमचे चांगले दिसतात."

पायाकडं न पाहता हाताकडं पाहणारं माणूस देवेंद्रबाबूंना फार दिवसांनी भेटलं होतं. ते लगेच उतरले, आणि दुसऱ्याच पावलाला कुबडी चिखलात हातभर रुतली. दोघींनी धरून बाहेर काढलं. घरी जाताना ओशाळवाणं वाटलं खरं, पण डोकं स्वस्थ बसेना.

पुढच्या रविवारी ते आले ते ट्रकची जुनी ट्यूब घेऊन. पंक्चरवाल्याकडून तिला ठिगळं लावून घेतली होती आणि वर दोन फळ्या आवळून बांधल्या होत्या. त्या बैठकीवर बसून ते पाण्यात शिरले. हातात विळा आणि कमरेला दोर. जलकुंभीची चटई विळ्यानं कापायची, तुकड्याला दोर अडकवायचा आणि ओरडायचं, "ओढा!" काठावरच्या बायांनी ओढलं, की बैलगाडीएवढा हिरवा ढीग सरकत बाहेर येई. पुलावरचे लोक थांबून हसले. कुणी 'बाबूचं जहाज' असं नाव ठेवलं. पण तिसऱ्या रविवारी त्या हसणाऱ्यांतलेच सातजण दोर ओढायला खाली आले.

दोन वर्षं हे चाललं. मे महिन्याच्या शेवटी घाटापासून वळणापर्यंतचं पाणी मोकळं झालं. सुमतीबाईंनी सगळ्यांना पोहे खाऊ घातले. आणि जुलैत पूर आला. पूर ओसरल्यावर मंडळी घाटावर जाऊन पाहतात तर वरच्या अंगाची सगळी जलकुंभी वाहत येऊन पुन्हा तिथंच बसलेली. पहिल्यापेक्षा दाट.

सुमतीबाई पायरीवर बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. देवेंद्रबाबू तिथून निघाले ते थेट हरिभाऊंच्या घरी गेले.

हरिभाऊ आता सत्तरीत पोचले होते. अंगणात खाटेवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी लोक घर झाडता आन दार उघडं ठेवता. वरून येणारं अडवाल नाई तं काय होईन?"

"दोर बांधून अडवलं तर तो तुटून जाईल, भाऊ. पाण्याला केवढा जोर असतो."

"आडवं बांधशीन तं तुटनच. तिरपं बांध. बांबू एकाले एक बांधून लांब वळ कर, ती पाण्यावर तरंगत ठेव, एक टोक या काठाले वर, दुसरं त्या काठाले खाली. धारच तिले ढकलत काठाले नेईन. तुले मेहनत कायची?"

"तुम्ही येऊन दाखवाल?"

हरिभाऊंनी मान दुसरीकडं वळवली. "त्या नदीकडं पाहवत नाई मले," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर सगळ्यांच्या आधी तेच उभे होते.

बांबूची ती तिरपी वळ बांधायला चार दिवस लागले. पुढच्या पुरात जलकुंभी आली ती बांबूला लागून सरकत सरकत एका काठाला गोळा झाली, आणि बायांनी दाताळ्यांनी ती ओढून काढली. तिचं खत शेतकऱ्यांनी नेलं. उन्हाळ्यात गाळ काढला तोही शेतातच गेला. सांडपाणी वळवण्यासाठी देवेंद्रबाबूंनी लिहिलेल्या अर्जांची फाईल उशीएवढी झाली. शेवटी ते पाणी दुसरीकडं नेणारी पाइपलाइन टाकली गेली. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन आणखी एक कागद लिहिला आणि नगरपालिकेत नेऊन दिला. तिथल्या बाईंनी तो दोनदा वाचला. "यात मागणी काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच. आभार आहेत."

"मग हा पाठवू कुठल्या टेबलाला?"

"तुमच्याच टेबलावर राहू द्या. तुम्हीही धावपळ केलीच की."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नौकाविहारासाठी नगरपालिकेच्या सहा नावा नदीवर आल्या. पिवळी जाकिटं आली, तिकिटाची खिडकी लागली. पहिली फेरी कुणी मारायची यावर चर्चा झाली, तेव्हा सुमतीबाईंनी परस्पर सांगून टाकलं, "देवेंद्र वल्हवतील. आणि बसतील हरिभाऊ."

हरिभाऊंचे हात आता कापायचे. जाकीट चढवताना ते कुरकुरले, "हे काऊन घालून राह्यला मले? मले पवता येते."

"नियम आहे, भाऊ."

नाव निघाली. वल्ह्याचे पहिले काही हात पाण्यात वाकडे पडले. मग खांद्यांना आठवण आली आणि नाव सरळ चालली. हरिभाऊ काठाकडं पाहत होते. "देवा," ते म्हणाले, "साऱ्या गावाले म्या पोचवलं, पण डोंग्यात असा रिकामा कधी बसलो नाई. बरं वाटते गा."

देवेंद्रबाबूंनी वल्हं थांबवलं. "भाऊ, तुम्ही त्या दिवशी बोलावलं नसतं तं माझा जन्म पायरीवरच गेला असता."

"म्या काय केलं बाप्पा! डोंगा मांगून हलका पडे, मले वजन पाह्यजे होतं."

दोघंही इतके हसले की नाव डोलायला लागली, आणि काठावरून सुमतीबाई ओरडल्या, "नीट बसा!"

सगळं काही साधलं असं नाही. एप्रिल उजाडला की पाणी उतरतं आणि नावा दोन महिने काठावर पालथ्या पडतात. वरच्या अंगाला जलकुंभी आहेच. तरी खंड्या पक्षी परत आलाय. सकाळी आजोबा-आजी फेरी मारायला येतात, आणि रविवारी देवेंद्रबाबू ज्याला हवं त्याला वल्हवायला शिकवतात.

इलाला पाण्याची भीती. ती वर्षभर नुसती काठावर उभी राहिली. परवाच्या रविवारी मात्र पर्स छातीशी धरून बसली एकदाची. मधोमध गेल्यावर देवेंद्रबाबू म्हणाले, "सहा वर्षं दर रविवारी माझे चिखलाचे कपडे धुतलेस. एका शब्दानं बोलली नाहीस. सगळ्यांचे आभार मानले, तुझेच राहिले."

इलाचे डोळे भरले, पण ती पाहत होती त्यांच्या मागं.

"मानजा मंग," ती म्हणाली, "आधी डावीकडं घ्या. ती दुसरी नाव अंगावर येऊन राह्यली!"