दाजींची जखम भरत आली होती

माझे दाजी परवा गेले. पायाच्या जखमेनं.

ती जखम बरी होत होती.

परवापासून एवढंच डोक्यात आहे. रडू येत नाही. भूक पण लागते, चहा पण पितो.

नवरात्रात दाजी अनवाणी राहिले. शुगर असून. मी चिडलो तर म्हणाले, "मास्तर, तुमचं बायलॉजी कॉलेजात ठेवा. देवीचं आम्ही बघतो."

टाचेत काटा गेला. शुगरनं पाय बधिर, त्यांना कळलंसुद्धा नाही.

ड्रेसिंगला देवगाव रंगारीहून शहरात आले की मुकुंदवाडीला माझ्याकडं जेवायचे. तेव्हा मी समजावायचो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधी जखमेतली घाण काढतात. मग त्याच पेशी तिथं नवीन रक्तवाहिन्या वाढवायला लावतात. शुगर असली की त्या घाण काढण्यातच अडकून पडतात.

"म्हणजे आधी खुरपणी, मग ठिबक," दाजी म्हणाले. "अन् आमच्या गड्यांची खुरपणीच उरकंना."

लई हसलो होतो त्या दिवशी.

दिवाळीनंतर जखमेत बारीक लाल दाणे आले. सिस्टर खूश. त्या नव्या रक्तवाहिन्या होत्या.

गावात मात्र लाल म्हणजे कच्चं. हात लागला की रक्त येतं, म्हणजे मास वाढलं. वाढलेलं मास मोरचुदानं जाळायचं, ही तिकडची जुनी रीत. फवारणीचा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घरात असतोच.

अक्कानं लावला. माझ्या बहिणीनं. रोज, मन लावून. लेकीच्या साखरपुड्यात दाजींना बूट घालता यावा म्हणून.

जखम काळी पडली, कोरडी झाली. मग ड्रेसिंगला येणंही थांबलं. "सुकली रे बाबा," फोनवर किती खूश होती ती.

मग ताप. मग आयसीयू.

काल अक्कानं विचारलं, "सुकली होती ना रे? मग कशानं गेले?"

"शुगरनं."

"खोटं बोलताना तू खाली बघतोस. लहानपणापासून. खरं सांग."

सांगितलं. ते लाल म्हणजे नव्या रक्तवाहिन्या होत्या, मोरचुदानं त्याच जळाल्या अन् काळ्या खपलीखाली जंतू पसरले, ते पण सांगितलं.

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "तुझ्या फेसबुकवर लिही हे. माझं नाव घालून लिही. दुसऱ्या कुठल्या बाईच्या हातनं असं व्हायला नको."

लिहिलं. तिचं नाव शोभा. माझी थोरली बहीण.

दाजी, शेवटचा रामराम.