पेडलवरचा माणूस

माझा थोरला भाऊ ब्रेकचं काम करताना बोलत नसे, हुकूम सोडत असे. "दाब. धर. सोड." त्याने चाकापाशी बसून कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, उघडायचं आणि मी सीटवर बसून पेडल दाबायचं, अशी आमची एकोणतीस वर्षांची वाटणी. ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. त्यात डोकं कोणाचं आणि पाय कोणाचा, हे त्यानेच ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणत आणि मला पेडल. मीही हसून ओ द्यायचो, गाढवासारखा.

त्याचा हात सोन्याचा होता, खोटं कशाला बोलू? आपण ब्रेक केलेली गाडी कधी तक्रार घेऊन परत आली नाही, हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. पण गेल्या दोन वर्षांत त्याचं लक्ष उडायला लागलं होतं. भलत्याच मापाचा पाना लावायचा, बोल्ट अर्धवट आवळून चहाला जायचा. त्याच्यामागे मी गुपचूप सगळं निस्तरायचो. मला एवढंच हवं होतं, की त्याने एकदा आपल्या तोंडाने म्हणावं, "आता ब्रेक तू बघ." ते काही तो म्हणेना.

त्याच्याकडे एक जुनी स्पोर्ट्स सेडान होती. इंजिन अजून तरणं, ब्रेक मात्र म्हातारे. ती गाडी लेकीला द्यायची त्याने ठरवलं. लेक आणि जावई नव्या नोकरीसाठी डोंगरापलीकडे निघाले होते, नुसता उतारच उतार. म्हणून दादाने त्याच कंपनीच्या एका जड गाडीच्या मोठ्या डिस्क आणि त्या आवळणारे मोठे कॅलिपर मिळवले आणि स्वतःच्या हाताने पुढच्या चाकांना बसवले. मला हात लावू दिला नाही.

मग मी सीटवर चढलो. "दाब. धर. सोड." तीनदा हवा काढली, तरी पेडल पिकल्या केळ्यासारखं मऊच.

"दादा, हवा आहे अजून."

"हवा तुझ्या डोक्यात आहे. पायात जोर नाही राहिला तुझ्या."

मी खाली उतरून वाकून पाहिलं. दोन्ही निपलं खालच्या बाजूला होती. हवा चढते वर. निपल तळाला असेल, तर जन्मभर दाबत बसलं तरी ती निघायची नाही. त्याने डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता.

"दादा, कॅलिपर अदलाबदल झालेत."

जावई शेजारीच उभा होता. दादा त्याच्याकडे बघून हसला. "ऐकलंत? जन्मभर पेडल दाबलं यानं, आता मला शिकवतोय." जावईही हसला. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मोठ्या डिस्कवर जुनी चाकं बसेनात, म्हणून दादा जावयाला घेऊन मोठी चाकं आणायला गेला. मी कॅलिपर उतरवले, बाजू बदलून बसवले. हवा काढायला माणूस हवा, म्हणून वहिनीला हाक मारली. ती हात पुसत आली, सीटवर बसली.

"भाऊजी, यांना सांगू नका हं मी दाबलं म्हणून."

"मी तरी कुठे सांगणार आहे, वहिनी?"

तासाभरात पेडल दगडासारखं घट्ट झालं. पोरीच्या जिवाची काळजी मिटली.

दादा परतला. चाक चढवायला खाली बसला आणि बसूनच राहिला. निपलं वर होती. त्याने दुसऱ्या बाजूला जाऊन तिथलंही पाहिलं. मग आत बसून पेडल दाबलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

"बघितलंत?" तो जावयाला म्हणाला. "थोडा वेळ उभी ठेवली, की राहिलेली हवा आपोआप निघते. घाई करून चालत नाही."

मी पाने पुसायला घेतले. दारातली वहिनी आत वळली. बोललो असतो तर जावयासमोर त्याची लाज गेली असती, आणि एवढं होऊनही मला ती जपावीशी वाटली. याचाच मला स्वतःचा राग येतो.

पोर गाडी घेऊन गेली, सुखरूप पोचली. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजचं शटर उघडत होतो, तेव्हा दादा मागून आला.

"एकट्याने हवा काढायचं यंत्र मिळतं म्हणे हल्ली," तो म्हणाला. "मागवलंय मी. तू उद्यापासून नाही आलास तरी चालेल."

"मी काय चुकलो, दादा?"

तो मला ओलांडून आत गेला. चुकलो असतो, तर त्याने मला ठेवून घेतलं असतं.