जांभळी बुरशी

नव्वदच्या आगेमागे मी पनवेलमध्ये एका त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे कामाला होते. दवाखान्यामागच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक होता आणि मी. पेशंटच्या गजकर्णाची खपली बोथट पात्यानं खरवडायची, काचेच्या नळीतल्या जेलीसारख्या थरावर पेरायची आणि काय उगवतंय याची वाट बघत बसायची. लग्नाच्या बोलणीत हे सांगण्यासारखं काम नव्हतं. आई पाहुण्यांना एवढंच सांगायची की मुलगी डॉक्टरांकडे असते.

डॉक्टर उरणचे, कोकणी मुसलमान. बुरशीवर त्यांचा भारी जीव. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि त्यात रंगीत टाचण्या. मोरा बंदराकडच्या कोळ्यांच्या अंगावरची बुरशी नळीत एका रंगाची उगवायची, दुबईहून सुट्टीवर आलेल्यांची कधी भलत्याच. "चट्टे दिसायला सारखे, पण खानदान वेगळं," ते म्हणायचे. "माणूस कुठे राहिला, कुणात राहिला, ते ही सांगते." ते जनुकांबद्दलही बरंच बोलायचे, पण मला खानदान पुरेसं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलींच्या एका वसतिगृहाच्या बाई नऊ-दहा वर्षांच्या कातकरी मुलीला घेऊन आल्या. मागे तिची आई. ती कोन गावाकडे वीटभट्टीवर कामाला होती. मुलीच्या डोक्यात रुपयाएवढ्या तीन जागी केस गेलेले.

"सुट्टीत भट्टीवरून घेऊन आली हे," बाई म्हणाल्या. "आणखी चौघींना लागलंय. मी हिचं नाव काढतेय."

आई खाली बसली होती, ती बसल्या जागेवरूनच बोलली. "नाव नको काढू, बाय. येकदा भट्टीवर लागली का ती परत साळंला नाय यायची. मोठीचं असंच झालं."

मी मुलीच्या डोक्यातली खपली काढली, नळीत पेरली आणि चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'भट्टी'. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली.

"तुम्ही भट्टीवर जाऊन आलात का?"

"बाई म्हणाल्या ना."

"मग बाईंचं नाव लिहा. बुरशी उगवेपर्यंत तरी सब्र करा."

कान लाल झाले माझे. त्यांनी मुलीला गोळ्या सुरू केल्या आणि नळीचा निकाल यायला तीन आठवडे लागतील, तोपर्यंत नाव काढू नका, असं बाईंना विनवलं. बाई कबूल झाल्या, पण तोवर मुलगी वसतिगृहात नको म्हणाल्या. म्हणजे ती भट्टीवरच गेली.

गुरुवारी मला कोनला धाडलं. भट्टीवर कमरेला, काखेत गजकर्ण असलेली सात माणसं सापडली, त्यांच्या खपल्या घेतल्या. पोरांची डोकी मात्र एकूण एक स्वच्छ. आमची मुलगी उन्हात कच्च्या विटा उलटत होती, दोन्ही हातांनी, सराईतासारखी. चार दिवसांत एवढी सराईत झाली, तर तीन आठवड्यांत काय होईल?

शनिवारी वसतिगृहात गेले. ओटीवर मुली एकीमागे एक बसलेल्या. बाईंच्या मांडीशी तेलाची वाटी, हातात उवांची लाकडी फणी. दर शनिवारी त्या स्वतः साऱ्या मुलींची डोकी विंचरायच्या. आईविना राहणाऱ्या पोरी, म्हणून मायेनं. एक डोकं झालं की फणी पदराला पुसायची आणि पुढचं घ्यायचं. मला तिथंच काहीबाही बोलायचं होतं, पण लाल कान आठवले. चौघींच्या खपल्या घेतल्या आणि फणीच्या दातांतला कोंडाही मागून घेतला.

ते तीन आठवडे मी रोज सकाळी चप्पल काढायच्या आधी नळ्या बघायचे. भट्टीच्या सातही नळ्यांत पिंजलेल्या कापसासारखी पांढरी बुरशी उगवली. मुलीच्या नळीत बराच काळ काहीच नव्हतं. मग एक सुरकुतलेला ठिपका आला आणि तो हळूहळू जांभळा होत गेला. चौघींच्याही जांभळ्या. फणीचीही जांभळी. मी नळ्या घेऊन धावतच डॉक्टरांच्या खोलीत शिरले, समोर पेशंट उघडा बसलेला होता तरी.

डॉक्टरांनी बाईंना बोलावून नळ्या समोर ठेवल्या. "ही भट्टीची नाही. तुमच्याकडेच लागली हिला."

"पण आणली कुणी?"

"ते विचारू नका. फणी सगळ्यांची एकच होती."

बाई फणीच्या नळीकडे बघत राहिल्या. "म्हणजे मीच लावलं, माझ्या हातानं," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मला त्यांचा राग धरायचा होता, जमला नाही. 'भट्टी' लिहिणारा हात माझाच होता. त्याच संध्याकाळी त्यांनी बाजारातून प्रत्येकीसाठी वेगळी फणी घेतली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. मुलीच्या चट्ट्यांवर बारीक लव आली होती. डॉक्टरांनी सांगितलं, नाव तसंच आहे, आजच वसतिगृहात जायचं, गोळ्या मात्र चालू ठेवायच्या. आईला ते दोनदा सांगावं लागलं. तिनं त्या जांभळ्या नळीला लांबूनच हात जोडले. मला हसू आलं, डोळेही भरले. इतकं हलकं मला माझं लग्न ठरल्यावरही वाटलं नाही.

मुलगी नवी फणी मुठीत धरून, न्यायला आलेल्या बाईंच्या रिक्षात चढली. रिक्षा वळेपर्यंत आई पायरीवर उभी होती. मग कनवटीतली, भट्टीवर परत नेणाऱ्या टेम्पोची दोघींची चिठ्ठी काढून तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसली.

"चल ताय, मंग मी येकलीच जाते."