पेंचचे गोटे

माझे बाबा सक्करदऱ्याला चांदीचं काम करायचे. जोडवी, पैंजण, करगोटे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. सत्तर सालाच्या आसपास मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. त्या उन्हाळ्यात पारशिवनीला मावशीकडे गेले, तर पेंच नदीचं पाणी आटलेलं आणि पात्रात गोटे उघडे पडलेले. लालसर, दुधी रेघांचे, काही मधाच्या रंगाचे. ओचा भरून घरी आणले.

"हे कायले आणले वं?" बाबांनी विचारलं.

"घासून चांदीत बसवणार आहे."

"नदीचा गोटा कोण घालते अंगावर? अन् पोरीनं सोनाराची फुंकणी धरायची नसते."

दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही असं ठरवलं.

मागच्या अंगणात बसून घासू लागले. आधी खरबरीत दगडावर, मग कुरुंदाच्या पट्टीवर, शेवटी ओल्या चामड्यावर. बोटांची सालं निघाली. पण एका मधाळ गोट्याच्या आतून पांढरी रेघ वर आली आणि दगड उजेड धरू लागला, तेव्हा मला थांबणं शक्यच नव्हतं.

माझी मैत्रीण शेजारच्या गल्लीत राहायची. तिच्या घरच्यांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला होता. तिचं लग्न ठरलं होतं. तो दगड तिनं हातात घेतला तो सोडेचना.

"मले देवाचं पदक नको," ती म्हणाली. "पिंपळाचं पान कर अन् मधोमध हा बसव. माह्या आजीले गावात चांदी घालू देत नव्हते. मी लग्नात चांदीच घालीन, अन् तू केलेली."

बाबा आतून ऐकत होते. "तिनं कधी केलं नाही बाई. वेळेवर झालं नाही तं?"

"तं गळा मोकळा ठेवून उभी राहीन, काका. दुसऱ्याकडून घेणार नाही."

बाबांनी फुंकणी माझ्या हाताशीच राहू दिली, एवढंच.

दुपारी ते जेवायला उठले की मी बसायची. पहिलं पान आगीत वितळून गोळा झालं. दुसरं जमलं, त्यावर दगडाभोवतीची पट्टी वाकवली, दगड आत ठेवला आणि सांध्याला डाख द्यायला ज्योत लावली. टच्च झालं. दगडाचे दोन तुकडे. मी मान वर केली तर बाबा दारात उभे. आता हात धरून उठवतात, असं वाटलं.

ते खाली बसले. "दगडाले आग सोसत नाही. आधी पट्टीले डाख दे, थंड होऊ दे, चिंचेच्या पाण्यात उकळ. दगड सगळ्यात शेवटी."

"तुम्हीच करून दाखवा ना, बाबा."

"मी कायले करू? काम तुह्यं आहे."

मी दुसरा गोटा घासायला घेतला. आई जेवायला हाक मारत राहिली. पानाच्या शिरा कोरल्या, पट्टी जोडली, आणि शेवटी दगड बसवून कड हळूहळू आत दाबली. हलवून पाहिलं. दगड जागचा हलला नाही.

लग्नात पांढऱ्या साडीवर ते पान उठून दिसत होतं. पंचशील झाल्यावर तिच्या आजीनं मला जवळ बोलावलं. पानावरून अंगठा फिरवला आणि आपला पाय पुढे केला.

"माह्यासाठी वाळे करशील काय वं? या वयात शोभते का, ते नको पाहू."

मी तिथेच सुतानं तिच्या घोट्याचं माप घेतलं. माप होईपर्यंत तिनं पाय मागे घेतला नाही.

काही दिवसांनी सकाळी ठोकाठोकीनं जाग आली. बाबा आणि एक गवंडी पुढच्या खोलीची भिंत फोडत होते. आई धुळीत उभी राहून ओरडत होती. बाबांनी छिन्नी खाली न ठेवताच सांगितलं, "नवी खिडकी करून राहिलो. हिले बारीक काम करायचं असते, इथं उजेड येत नाही."

वाळे मी त्या खिडकीखाली बसून केले.